दुसऱ्या प्रयत्नाचे मोल

आमच्या शाळेच्या सभागृहात गुणवंतांचा फलक आहे. त्यावर नव्या नावाची भर पडली की आम्हा शिक्षकांचा ऊर भरून येतो. मात्र एकदा अपयश येऊनही न खचलेल्या विद्यार्थ्याला त्या फलकावर जागा नाही. ही उणीव आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने आम्हांला दाखवून दिली.

पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कामगाराचा हा मुलगा. आईवडील कारखान्यावर गेले की आमचे वसतिगृह हेच त्याचे घर असे. पुढे त्याने आयटीआय केले, पुण्यात नोकरी धरली आणि सिस्को कंपनीच्या सीसीआयई या परीक्षेचा ध्यास घेतला.

१९९३ पासून घेतली जाणारी ही परीक्षा नेटवर्किंग क्षेत्रात अत्यंत कठीण मानली जाते. आधी लेखी परीक्षा, नंतर आठ तासांचे प्रात्यक्षिक: तीन तास आराखड्याचे आणि पाच तास प्रत्यक्ष उभारणीचे व बिघाड शोधण्याचे. स्वतःच्या वह्या आत नेता येत नाहीत. येथे पाठांतर उपयोगी पडत नाही. हाताला सवय असावी लागते. त्याने जुन्या बाजारातून एक सर्व्हर आणला, त्यावर आभासी राउटर चालवले आणि दोन वर्षे रात्री जागून तीच जाळी पुन्हा पुन्हा उभारली व मोडली.

बंगळुरूच्या परीक्षेत तो नापास झाला. सुरुवातीलाच एक आकडा चुकला, पुढचे दुवे जुळेनात आणि ती चूक शोधण्यात तास गेला. त्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला तो आला नाही. पुढच्या वर्षी उत्तीर्ण होऊनच आला आणि म्हणाला, "सर, नापास होऊन शाळेत यायची लाज वाटली." त्या वाक्याने खरे तर आम्हीच लज्जित झालो.

इतिहास शिकवणाऱ्या आम्हांला याचा विसर पडायला नको होता. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी प्रथम स्वीकारला नाही, त्यात फेरफार सुचवले. बाबासाहेबांनी मुंबईस परतून तो सुधारून पाठवला आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. ती पदवी आम्ही दरवर्षी मुलांना अभिमानाने सांगतो. परत आलेल्या प्रबंधाविषयी क्वचितच बोलतो.

प्रश्न पैशाचाही आहे. प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक प्रयत्नाचे शुल्क १६०० डॉलर, म्हणजे आजच्या दराने सव्वा लाख रुपयांहून अधिक. सुखवस्तू घरात एक प्रयत्न वाया गेला तरी निभावते. आमच्या विद्यार्थ्याने मात्र पहिल्या प्रयत्नाचे कर्ज फेडत दुसऱ्याची तयारी केली. अशा वेळी बुद्धी व चिकाटी असूनही मुले पहिल्या अपयशापाशी थांबतात.

काही समाजबांधव म्हणतील, तीन वर्षांनी नूतनीकरण मागणाऱ्या खासगी प्रमाणपत्रापेक्षा सरकारी नोकरी बरी. परंतु सरकारी जागा किती निघतात हे पालक जाणतात, आणि खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तेथे हातातील कौशल्य हाच आधार. प्रमाणपत्राने जात संपते असा भ्रमही आम्ही बाळगत नाही. याच कंपनीत एका दलित अभियंत्याशी जातिभेद झाल्याचा आरोप करून कॅलिफोर्नियाच्या शासकीय विभागाने २०२० मध्ये दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. दोन व्यवस्थापकांविरुद्धचा दावा २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. राउटरला आडनाव कळत नाही, माणसांना कळते. म्हणून कौशल्याबरोबर संघटनेचीही गरज राहणारच.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. सत्काराच्या शाली आणि फ्लेक्स यांवरील खर्च थोडा कमी करून 'दुसऱ्या प्रयत्नाचा निधी' उभारावा. परीक्षा कोणतीही असो, एकदा प्रामाणिकपणे झुंजून अपयशी ठरलेल्यास त्यातून शुल्क मिळावे. पुढील मेळाव्यात यशस्वी विद्यार्थ्यांच्या शेजारी त्यालाही मानाने बसवावे.

आमच्या विद्यार्थ्याने तो जुना सर्व्हर शाळेला दिला आहे. विज्ञान प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तो सुरू आहे. शनिवारी सायंकाळी नववीची चार मुले त्याच्याभोवती बसतात, जाळे उभारतात, चुकतात आणि पुन्हा उभारतात. त्यांच्या चुकांचा खर्च उचलण्याची तयारी आपण आजच करावी.