मिस्त्रीला बघायचे पैसे द्या

आज पिकावर नाही, ट्रॅक्टरवर लिहितोय. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला. ज्यांचं ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला लागलेलं नाही, त्यांना आता संक्रांतीपर्यंत जरा उसंत आहे. याच दिवसांत आमच्याकडं पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ऑइल गळलालंय, मिस्त्री म्हणलाय इंजिन काम निघालंय." आणि मालक सोसायटीचं कर्ज किती मिळतंय ते विचारायला निघतो.

माझं मत सरळ आहे. पंधरा-वीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल गळतं तेव्हा बऱ्याच वेळा इंजिन खोलायची गरज नसते. कुणीतरी अर्धा दिवस बसून नीट बघायची गरज असते. आणि बघायचे पैसे आपण शेतकरी देत नाही, म्हणून कुणी बघत नाही.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घ्यायला गेलो की आपण काय काय करतो बघा. दात मोजतो, खूर उचलून बघतो, चार पावलं चालवतो, पाठीवरून हात फिरवतो. पारख असलेला माणूस सोबत नेतो, त्याचं भाडं, जेवण आपणच करतो आणि त्याचं काही वाटत नाही. डॉक्टरनं दोन मिनिटं नाडी बघितली तरी त्याची फी मुकाट देतो. पण मिस्त्री इंजिनाखाली तासभर पडून उठला आणि म्हणाला, "काही नाही मालक, एक वायसर बदलला," तर आपण म्हणतो, "मग कशाचे पैसे?" मिस्त्रीलाही घर आहे. त्याला पैसे खोलायचे आणि जोडायचे मिळतात, म्हणून तो खोलतो. यात सगळा दोष त्याचा नाही.

आमच्या गल्लीतलं एक ट्रॅक्टर सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कंपनीही सांगत नाही. सोयाबीनच्या मळणीत त्याच्याखाली रोज ऑइलचं थारोळं पडायला लागलं. एकानं सांगितलं, किट टाका, पिस्टन-लायनर सगळं. दुसऱ्यानं सांगितलं, मागची सील गेली, ट्रॅक्टरचे मधून दोन भाग करावे लागतील. तिसरा म्हातारा मिस्त्री आला. त्यानं पाना काढलाच नाही, आधी एक बादली, डिझेल आणि ब्रश मागितला. सगळं इंजिन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, वरून घरातली अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि ट्रॅक्टर चालू करून बाजूला बिडी पेटवून बसला. पंधरा-वीस मिनिटांनी पावडरीवर एक ओली रेघ उमटली. ती वरून, टापेट कव्हरच्या कडेपासून निघाली होती. मग त्यानं ब्रीदरची नळी काढली. आत भुस्कट आणि काळा चिखल गच्च बसलेला. नळी धुतली, कव्हरचं पॅकिंग बदललं, आणि गळती थांबली. त्या दोन मिस्त्र्यांनी सांगितलेल्या खर्चाच्या मानानं हा खर्च म्हणजे चहापाणी.

आता यातलं कारण समजून घ्या, कारण इथंच बहुतेकांचा पैसा जातो. इंजिन कितीही चांगलं असलं तरी पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस खाली चेंबरात उतरतोच. तो बाहेर जायला ब्रीदर दिलेला असतो. आपल्याकडं मळणीत ट्रॅक्टर एका जागी तासन्‌तास पीटीओवर चालतं आणि भोवती भुसा उडत असतो. तेलकट जाळीवर तो बसतो. उभ्या ट्रॅक्टरच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते तेही मी पाहिलंय. वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि तो दाब जिथं नरम जागा मिळेल तिथून ऑइल ढकलतो: कव्हरचं पॅकिंग, पुढची सील, मागची सील, ऑइलची काडी. अशा वेळी नवी सील टाकली तर तीही पंधरा दिवसांत गळणार. मग म्हणायचं, माल डुप्लिकेट होता.

म्हणून पहिला नियम, ब्रीदर साफ केल्याशिवाय कोणतीही सील बदलू द्यायची नाही. दुसरं, काडी बघा. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभं करून, इंजिन बंद करून जरा वेळानं. ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. "गळतंय तर जरा जास्तच टाक" म्हणून वरच्या खुणेच्याही वर भरणारे कमी नाहीत. जादा ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि गळती वाढते. नव्वद नंबरचं गिअर ऑइल इंजिनात ओतणारा महाभागही आमच्या तालुक्यात आहे. जाड आहे म्हणून गळणार नाही, असा त्याचा हिशेब. सकाळच्या थंडीत ते वरपर्यंत चढेपर्यंत बेअरिंगा कोरड्या फिरतात, हे त्याच्या हिशेबात नाही.

गळती कुठून आहे हे बघताना ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच की ऑइल खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं पसरतं. म्हणजे थेंब जिथं पडतो तिथं दोष असेलच असं नाही. चेंबरच्या मागच्या कोपऱ्यातून टपकणारं ऑइल पुढच्या फिल्टरच्या रबरी रिंगेतून किंवा ऑइल प्रेशरच्या स्विचमधून आलेलं असू शकतं. स्विच तर दोन पान्यांचं काम आहे. जी सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा, तिथून शोध सुरू करायचा. धुतल्याशिवाय ती सापडत नाही, कारण आपल्या इंजिनांवर दहा वर्षांचा तेल-मातीचा थर असतो आणि त्यात सगळंच ओलं दिसतं.

क्लच हाउसिंगच्या खाली बऱ्याच ट्रॅक्टरना एक बारीक भोक असतं. तिथून ऑइल आलं की लोक घाबरतात, आणि घाबरण्यासारखं आहेच. पण तिथंही दोन शक्यता आहेत. इंजिनाची मागची सील, नाहीतर गिअरबॉक्सकडची. बोटावर घेऊन बघा. इंजिनाचं असेल तर काळं, गिअरचं बहुतेक मधाच्या रंगाचं आणि उग्र वासाचं. काळं असलं तरी आधी वरून, इंजिनाच्या पाठीवरून ओघळत येत नाही ना, हे धुऊन बघा. खरंच मागची सील असेल तर मात्र टाळाटाळ नको. ऑइल क्लच प्लेटवर गेलं की प्लेट घसरते, आणि भरल्या ट्रॉलीनं चढावर घसरणारा क्लच म्हणजे जिवाचा खेळ. त्या कामाला ट्रॅक्टरचे दोन भाग करावेच लागतात. मग एकदा खोललंच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या. पर्किन्स घराण्यातल्या जुन्या तीन सिलिंडरच्या इंजिनांत मागं रबरी सील नसून दोरीची सील असायची. ती बसवायला सवयीचा हात लागतो, तिथं स्वस्त मजुरी शोधू नका.

"थेंब थेंब तर गळतंय, गळू दे" म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. मिलिलिटरला ढोबळ वीस थेंब धरा. दहा सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिली. २५० तासांनी ऑइल बदलायचं म्हटलं तर तोपर्यंत साडेचार लिटर गेलं. बारक्या ट्रॅक्टरच्या चेंबरात मावतं सहा-सात लिटर. सेकंदाला थेंब असेल तर आठ तासांच्या नांगरटीत जवळपास दीड लिटर. काडी रोज बघणारा माणूस तरून जाईल. पण गड्याच्या हाती ट्रॅक्टर देऊन लग्नाला जाणाऱ्याचं काय? गळतीनं इंजिन बसत नाही, गळती सुरू असताना काडी न बघितल्यानं बसतं. वर तेलकट इंजिनावर मळणीचा भुसा बसतो, सायलेन्सर तिथंच तापलेला असतो, आणि खळ्यात बाजूला सोयाबीनची गंज. पुढचं सांगायला नको.

सामानाचं बोलायचं तर "जुन्या ट्रॅक्टरचं सामान मिळत नाही" हे अर्धंच खरं आहे. एचएमटीचं उदाहरण घ्या. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ साली झेटरच्या सहकार्यानं २५ हॉर्सपॉवरचं २५११ निघायला लागलं, आणि २०१६ मध्ये सरकारनं तो ट्रॅक्टरचा धंदा बंद करायचं ठरवलं. तरी ती ट्रॅक्टरं चालताहेत. कारण सील ही कंपनीच्या नावानं नाही, मापानं मिळते. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, असे तीन आकडे मिलिमीटरमध्ये. ४५-६२-८ म्हटलं की बेअरिंगच्या दुकानात पोरगंसुद्धा काढून देतं. लातूर-नांदेडात अशी दुकानं आहेत. जुनी सील फेकायच्या आधी तिच्यावरचे आकडे वाचा, पुसले असतील तर मापून घ्या. दांड्यावर सीलच्या ओठानं चर पाडलेली असेल तर नवी सील त्याच चरीत बसवू नका. जागा असेल तर एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवायची, नाहीतर दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवायची. आणि सीलचा ओठ ऑइलच्या बाजूला, बसवताना त्याला ऑइल लावून.

शेलॅकबद्दल मला राग आहे, तो इथं काढतो. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी बोट-बोट शेलॅक नाहीतर सिलिकॉन थापायचं आणि बोल्ट जीव खाऊन आवळायचे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. जादा थापलेलं आत सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. जीव खाऊन आवळलं की चेंबरचा पत्रा बोल्टाच्या भोकाशी वाकतो, आणि मग कोणतंच पॅकिंग धरत नाही. पत्रा सपाट दगडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ करून घ्या, दोन्ही बाजू खरवडून साफ करा, मधून कडेकडे थोडं थोडं आवळत जा.

इंजिन काम कधीच करू नका असं मी म्हणत नाही. ब्रीदर साफ करूनही त्यातून भकाभका धूर येतो, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, खाली थेंब नाही तरी काडी रोज उतरते, तर रिंगा गेल्यात. तिथं सील बदलत बसणं म्हणजे पैसा पाण्यात. पण हे ठरवायलाही आधी बघावंच लागतं.

म्हणून आमच्या वस्तीवर आम्ही चौघा ट्रॅक्टरवाल्यांनी एक ठरवलंय. मिस्त्री नुसता बघायला आला तरी त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायची, काम निघो न निघो. काम निघालं तर ती मजुरी वेगळी, ही त्यात धरायची नाही. पहिल्यांदा त्यालाच ते खरं वाटेना. "कामून देता?" म्हणाला. आता तो स्वतःच पावडरीचा डबा घेऊन येतो. मृगाच्या तोंडावर सगळ्यांचीच ट्रॅक्टरं त्याच्या दारात उभी असतात, तेव्हा त्याला बघायला वेळ नसतो, म्हणून आम्ही त्याला आत्ता बोलावतो. बदललेल्या सीलचे तीन आकडे आणि तारीख मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवतो. तुमच्याकडं बघायची मजुरी काय देता आणि कोणत्या ट्रॅक्टरला कोणत्या मापाची सील बसली, ते खाली लिहा.