नदीच्या बाजूने उभं राहिलेलं छायाचित्र

वळणावर खडकाचं बेट, पाण्यावर पांढरा फेस, वर रेंगाळणारं धुकं. टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीचं हे छायाचित्र पीटर डॉम्ब्रोव्हस्किस यांचं. त्यांचे गुरू ओलेगास ट्रुखानास १९७२ मध्ये गॉर्डन नदीत बुडून गेले. शिष्याने जड लिनहॉफ कॅमेरा पाठीवर घेऊन तेच रान तुडवलं. फ्रँकलिनवर धरणाचं संकट आलं, तेव्हा १९८३ च्या ऑस्ट्रेलियन निवडणुकीत हे छायाचित्र वर्तमानपत्रांतल्या पानभर जाहिरातीत झळकलं. सरकार बदललं, न्यायालयाचा कौल मिळाला, धरण थांबलं. १९९६ मध्ये टास्मानियाच्याच डोंगरांत छायाचित्रणाच्या भटकंतीवर असताना डॉम्ब्रोव्हस्किस गेले. न पाहिलेल्या नदीविषयी मतदारांना आपलेपणा वाटला, हे त्यांच्या कलेचं मोल.