निनावी जाळ्यांची गरज: काँग्रेस रेडिओ ते टॉर

१/१० 'ज्याच्या मनात खोट नाही, त्याने नाव का लपवावे?' निनावी जाळ्यांवर बंदी मागणारे हा प्रश्न हमखास विचारतात. इतिहासात तो बहुतेक वेळा सत्तेनेच विचारला आहे, आणि अनेकांना त्याचे उत्तर तुरुंगातून द्यावे लागले आहे.

२/१० मुंबई, १९४२. 'भारत छोडो'चे नेते गजाआड, वृत्तपत्रांवर निर्बंध. ऑगस्टमध्ये उषा मेहता व सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. ४२.३४ मीटरवरून बोलणारे हे केंद्र आपला ठावठिकाणा 'भारतात कुठेतरी' एवढाच सांगे.

३/१० जागा वारंवार बदलूनही १२ नोव्हेंबरला पोलीस पोहोचले. एक तंत्रज्ञ फुटला होता. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. धैर्यात उणीव नव्हती; पण केंद्र एकच असले, की त्याचा पत्ता जाणणारा एक माणूस फुटणे पुरेसे होते.

४/१० मॉस्को, १९६८. छापखाने शासनाच्या मुठीत. एप्रिलमध्ये नताल्या गोर्बानेव्स्काया यांनी एक टंकलिखित पत्रिका काढली. तिचे नाव मराठीत 'चालू घडामोडींची बखर' असे करता येईल. त्यात अटका, झडत्या, खटले यांच्या कोरड्या नोंदी असत. संपादकाचे नाव कुठेच नसे.

५/१० वाचक कार्बन कागद लावून पुढच्या प्रती काढत. माहिती पाठवायची रीत ठरलेली होती: ज्याच्याकडून अंक मिळाला, त्यालाच ती सांगावी, तो आपल्या आधीच्याला सांगेल. साखळीचे टोक स्वतः शोधू पाहणारा खबऱ्या ठरेल, असा इशाराही होता.

६/१० डिसेंबर १९६९ मध्ये नताल्यांना अटक झाली, पुढे मनोरुग्णालयात डांबले गेले. बखर मात्र चालू राहिली. १९७२ नंतर दडपशाहीमुळे खंड पडला, १९७४ मध्ये ती पुन्हा निघाली. सुमारे १५ वर्षांत साठहून अधिक अंक निघाले.

७/१० 'निनावी म्हणजे बेजबाबदार' हा आक्षेप इथेच कोसळतो. आधीच्या अंकातील चूक बखर पुढच्या अंकात दुरुस्त करी. तिची पत नावावर नव्हे, पडताळणीवर उभी होती.

८/१० टॉरची रचनाही अशाच साखळीची आहे. तिचे मूळ १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत सापडते. संदेश कांद्यासारख्या कूट आवरणांत गुंडाळून सहसा तीन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्याला पाठवणारा ठाऊक, शेवटच्याला मुक्काम; दोन्ही कोणालाच नाही.

९/१० हे जाळे फक्त नौदलानेच वापरले असते, तर वापरणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरला असता. म्हणून ते सर्वांसाठी खुले हवे होते. गुन्हेगारही तिथे दडतात, हे खरे. पण चोर रस्त्यानेच पळतो म्हणून कोणी रस्ते उखडत नाही. चोराला आडवाटा सापडतात. मार्ग बंद होतो तो पत्रकाराचा आणि पीडिताचा.

१०/१० 'लोकशाहीत याची गरज काय?' असे विचारणाऱ्यांनी २५ जून १९७५ ची रात्र आठवावी. दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली, पाठोपाठ सेन्सॉरशिप आली. त्या सकाळपर्यंत देश लोकशाहीतच होता. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. मुक्त समाजाने ती मुक्त असतानाच खणायची असते, आणि सामान्य माणसांनी तिच्यावर रोज पाणी भरायचे असते. त्या गर्दीमुळेच संकटात सापडलेला एकटा माणूस ओळखू येत नाही.