थांबायची जागा

सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली रेटून पाहा. कोंडलेली हवा वाट सोडत नाही. अंगठ्याच्या कडेने ती थोडी थोडी निसटते, तसा दांडा सावकाश खाली बसतो. या साध्या गुणावर जपानने केवढा भरवसा टाकला होता!

होक्काइदो बेटावर कामिसुनागावा येथे बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत ७१० मीटर खोल विहीर होती. १९९१ पासून तिच्यात शास्त्रीय उपकरणांनी भरलेली कुपी सोडली जाई. ४९० मीटर पडताना १० सेकंद वजनरहित अवस्था मिळे. तोवर वेग ताशी सुमारे ३५० किलोमीटर होई. पुढच्या २०० मीटरांत कुपीखालची हवा कोंडून दाबली जाई, कडेच्या फटीतून निसटे आणि कुपीचा वेग उतरत जाई. आदळणे नाही, मोडतोड नाही. हे केंद्र २००३ साली बंद झाले.

मला त्या १० सेकंदांपेक्षा या २०० मीटरांचे अप्रूप वाटते. पडण्याआधीच थांबायची जागा राखून ठेवली होती. आपण मात्र मुलांना एकामागून एक क्लास लावतो, घरासाठी ऐपतीबाहेर कर्ज काढतो, आणि दमछाक झाली की एकदम ब्रेक दाबतो. मग हादरे सगळ्या घराला बसतात. वेग जरूर घ्यावा. पण तो उतरवायची जागाही आधीच मोजून ठेवावी, एवढेच माझे म्हणणे.