व्हिलन म्हणजे कुणबी!

इंग्रजी भाषा म्हणजे वाघिणीचे दूध, असे आमच्या लोकांना शंभरावर वर्षे सांगण्यात येत आहे. दूध जरूर प्यावे. आमच्या मुलामुलींनी तर ते दोन घोट अधिकच प्यावे, कारण ते पुष्कळ दिवस त्यांच्या ओठी लागू दिले नव्हते. पण पिणाऱ्याने भांड्याच्या तळाशी काय साचले आहे तेही पाहावे, एवढ्यासाठी आज एका शब्दाची हकीगत सांगतो.

तो शब्द 'व्हिलन'. ज्या घरात इंग्रजीचे एक पुस्तक नाही त्या घरातही तो ठाऊक आहे, कारण सिनेमाने तो गावोगाव पोहोचविला. नायकाच्या वाटेत काटे पेरणारा, बायाबापड्यांवर हात टाकणारा आणि शेवटी मार खाणारा तो व्हिलन, हे शेंबडे पोरही सांगेल. परंतु वाचकहो, हा शब्द मुळात कोणाला लावीत? नांगर धरणाऱ्याला. शेण काढणाऱ्याला. धन्याच्या जमिनीवर राबून धन्याची कोठारे भरणाऱ्याला. सरळ मराठीत सांगावयाचे तर व्हिलन म्हणजे कुणबी!

रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत खेड्यातल्या मोठ्या शेतवाडीला 'व्हिला' म्हणत. त्या वाडीशी बांधलेला जो राबता माणूस, तो 'व्हिलानुस'. फ्रेंच भाषेतून हा शब्द नॉर्मन सरदारांबरोबर इंग्लंडात गेला. विल्यम राजाने १०८६ साली आपल्या जिंकलेल्या मुलखाची जमीन, नांगर, बैल व माणसे यांची मोजदाद करविली. त्या दप्तरात एक लाखाहून अधिक माणसे याच नावाखाली लिहिलेली आहेत. तेव्हा तो शब्द शिवी नव्हता. खातेवहीतली ती एक ओळ होती इतकेच. आता गंमत पाहा. 'व्हिला' हा शब्द आज धनिकांच्या बागबंगल्यांच्या फाटकावर संगमरवरी पाटीत झळकतो, आणि त्याच व्हिलात राबणाऱ्याचे नाव बदमाषाच्या वाट्याला आले. एकाच आईची ही दोन लेकरे! घर मालकाने घेतले, शिवी गड्याला ठेविली.

या व्हिलनाचे जिणे कसे होते? आठवड्याचे दोन-तीन दिवस धन्याच्या शेतावर फुकट राबावयाचे, सुगीत त्याहून जास्त. मुलीचे लग्न करावयाचे तर धन्याला पैसा भरावयाचा. घरचा कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धन्याच्या दावणीला जावयाचे. गाव सोडून जाण्याची मुभा नाही, आणि धन्याविरुद्ध राजाच्या कोर्टात दाद नाही. दळण दळावयाचे तेही पुष्कळ ठिकाणी धन्याच्याच गिरणीत, आणि त्या दळणातून धन्याचा वाटा निघावयाचा. वेठबिगार म्हणजे काय हे ज्यांच्या आजा-पणजांनी सोसले आहे, त्यांना हे अधिक फोड करून सांगावयास नको.

अशा माणसाला अडाणी, मळका, हलका म्हणणे धन्याला सोयीचे होते. प्रथम व्हिलन म्हणजे शेतगडी. मग व्हिलन म्हणजे रांगडा, रीतभात नसलेला. मग व्हिलन म्हणजे नीच मनाचा. आणि सरतेशेवटी व्हिलन म्हणजे दुष्ट. शेक्सपिअरच्या काळी, म्हणजे १६०० सालच्या सुमारास, जुना अर्थ अजून पुरता मेला नव्हता. 'अ‍ॅज यू लाइक इट' या नाटकात थोरला भाऊ धाकट्याला व्हिलन म्हणतो, तेव्हा धाकटा उसळून आपल्या सरदार बापाचे नाव पुढे करतो. दुष्ट म्हटल्याचा राग त्याला आहेच, पण आपल्याला हलक्या कुळातला म्हटल्याचा राग त्याहून मोठा!

कोणी शहाणे म्हणतील की, शब्दांचे अर्थ काळाने बदलतातच, त्यात कोणाचा काय दोष? कबूल, बदलतात. पण ते कोणत्या दिशेने बदलतात ते पाहा म्हणजे झाले. जुन्या इंग्रजीत 'नेव्ह' आणि 'नाइट' या दोन्ही शब्दांचा अर्थ मुलगा, पोऱ्या असाच होता. जो पोऱ्या स्वयंपाकघरात भांडी घाशीत राहिला त्याचा नेव्ह म्हणजे लबाड झाला. जो घोड्यावर बसून धन्यामागे लढाईस गेला त्याचा नाइट म्हणजे शूर सरदार झाला. 'चर्ल' म्हणजे मुळात स्वतंत्र शेतकरी, पुढे त्याचा अर्थ गावंढळ असा झाला. आणि त्याच मुळाचे 'चार्ल्स' हे नाव मात्र राजांनी डोक्यावर मिरविले. डच भाषेतला 'बूर' म्हणजे शेतकरी, इंग्रजीत आला आणि असभ्य झाला. आणि 'लॉर्ड' शब्दाचे मूळ काय? भाकरीचा राखणदार! भाकरी राखणारा लॉर्ड झाला आणि भाकरी पिकविणारा व्हिलन झाला. हा काळाचा महिमा नव्हे. लेखणी ज्याच्या हाती, कोश त्याच्या बाजूचा.

पण व्हिलन म्हणविणारे ते लोक मुकाट बसले नाहीत. १३४८ सालच्या महामारीने इंग्लंडातली माणसे पटापट मेली, मजुरांची वाण पडली, मजुरी वाढू लागली, तेव्हा सरकारने १३५१ साली कायदा करून मजुरी जुन्या दराला बांधून टाकली. वर दर डोई एक शिलिंग असा कर बसविला. १३८१ च्या मे अखेरीस एसेक्स परगण्यात ठिणगी पडली आणि जूनमध्ये शेतकरी व कारागीर लंडनात शिरले. त्यांचा पुढारी वॉट टायलर; 'टायलर' म्हणजे कौले घालणारा. गावोगाव त्यांनी पहिला हात घातला तो धन्यांच्या दप्तरांना, कारण त्यांची गुलामी त्या कागदांत लिहिलेली होती. कागद जाळले! आमच्या पुणे जिल्ह्यात सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यांना वॉट टायलरचे नाव कोणी सांगितले होते? कोणीच नाही. काटा कोठे बोचतो हे पायाला कळते, त्याला इतिहास शिकवावा लागत नाही.

त्याच बंडातली एक गोष्ट आमच्या मायबहिणींनी मुद्दाम ऐकावी. सेंट आल्बन्स या गावी मोठा मठ होता आणि गाव मठाच्या मालकीचे. लोकांनी घरी जात्यावर दळू नये, मठाच्याच गिरणीत दळावे, म्हणून पूर्वी एका मठाधिपतीने घराघरांतली जाती काढून नेली आणि त्या तळ्या आपल्या बैठकीच्या जमिनीत फरशीसारख्या बसविल्या. येता-जाता पाय पडावा तो लोकांच्या जात्यांवर! पन्नास वर्षांनी, १३८१ साली, गावकऱ्यांनी ती फरशी उखडली आणि दगडाचे तुकडे करून प्रसादासारखे आपसांत वाटून घेतले. ज्या आज्यांची जाती गेली त्यांतल्या बहुतेक तोवर मेल्या असतील. पण घरात कोणीतरी सांगत राहिले होते.

पुढे काय झाले ते थोडक्यात. राजाने गुलामी मोडल्याच्या सनदा दिल्या. टायलर मारला गेल्यावर त्या सनदा रद्द केल्या, आणि तुम्ही बंधनात होता व बंधनातच राहाल असे शेतकऱ्यांना बजावले. तरी ती वेठ पुढल्या दीड-दोनशे वर्षांत झिजून गेलीच. माणूस सुटला. शिवी मात्र राहिली.

आता इंग्रजांना हसण्यापूर्वी आपल्या घरात डोकावू. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा दोष आहे. ग्राम्य म्हणजे गावचा, आणि गावचा म्हणजे अचकट. नगरातला तो 'नागर', म्हणजे चतुर. 'पामर' हा शब्द महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत शेतात राबणाऱ्या गावकऱ्यासाठी येतो. संस्कृतात तो नीच आणि मूर्ख यांसाठी रुळला, आणि आज आम्ही स्वतःच हात जोडून आपल्याला पामर म्हणवितो! 'देवानांप्रिय' ही तर सम्राट अशोकाची पदवी, त्याच्या शिलालेखांतून कोरलेली. ब्राह्मणी व्याकरणात तिचा अर्थ दिला आहे मूर्ख. ज्या राजाने यज्ञातल्या हत्येला आळा घातला त्याची जर ही वाट, तर कुणब्याची काय कथा? आमच्या लोकांनीही 'भटाला दिली ओसरी' ही म्हण करून उसने फेडले हे खरे, पण ती म्हण चावडीच्या कट्ट्यावर राहिली. शाळेत आणि कचेरीत चालली ती दुसऱ्यांची भाषा.

आणखी कडू ते पुढेच आहे. शहरात 'गावठी' अंडे चार पैसे जास्त देऊन घेतात, गावठी कोंबडी मागून खातात, पण गावठी पोरगा वर्गात बसला की हसतात. त्याचा राग आम्हाला येतो आणि तो यावा. पण गावात परत आल्यावर आम्हीच आमच्यापेक्षा खालच्या मानलेल्या जातीच्या नावाला 'डा' आणि 'टा' लावून हाक मारीत आलो, ती कोणत्या तोंडाने? मठाधिपतीने जात्यांची फरशी केली, आम्हीही महारवाड्या-मांगवाड्याच्या अंगावर पाय ठेवूनच बसलो होतो. 'कुणबट' म्हटल्यावर ज्याला झोंबते त्याने आपल्या तोंडातला 'डा' आधी थुंकावा. जोतीराव फुल्यांनी शूद्र आणि अतिशूद्र हे दोन शब्द जोडून उच्चारले होते. त्यांतला दुसरा आम्ही सोयीने गिळला.

आणि घरात? पोर अभ्यासाला बसत नाही म्हणून आई ओरडते, "शिक, नाहीतर ढोरं वळशील!" बाप ओरडतो, "शेण काढावं लागेल जन्मभर!" आणि असे ओरडणारी ती माउली नुकतीच गोठ्यातून हात धुऊन आलेली असते. तिच्या त्या वाक्यातले शेण हे व्हिलनातल्याच मातीचे आहे. तिचा हेतू वाईट नाही, कष्टातून पोर सुटावे एवढेच तिच्या मनात असते. पण पोर काय ऐकते? माझी आई जे करते ते शिक्षेचे काम आहे, एवढे.

येत्या हंगामात एखाद्या शाळेत मास्तर व्हिलन शब्दाचा अर्थ 'खलनायक' असा फळ्यावर लिहितील, तेव्हा आमच्या एखाद्या मुलीने हात वर करून त्याचा जुना अर्थही सांगावा. मास्तरांना तो ठाऊक नसेल तर ते चिडतील. चिडू द्यावेत.