उद्योजकतेचे धडे नकोत, टोपलीला जागा द्या!

पहाटे रामकुंडावर जाऊन पाहा. बारा-चौदापासून वीस-बावीस वर्षांपर्यंतची पोरे कामाला लागलेली दिसतील. कोणी द्रोणात फुले आणि वात मांडून दिवे विकतो, कोणी भाविकांना पाणी नेण्यासाठी प्लास्टिकचे कॅन विकतो, कोणी दोरीला लोहचुंबक बांधून नदीत टाकलेली नाणी वर काढतो. दुपारी यातलीच काही सीबीएसवर एसटीच्या खिडक्यांखाली पाण्याच्या बाटल्या घेऊन धावतात. रात्री कोणाच्या पाठीवर भंगाराचे पोते असते. आई-बाप असतील तर ते पुलाखाली, नसतील तर फलाट हेच घर.

या पोरांना आजवर उनाड, गर्दुल्ले, चोर अशी नावे मिळाली. आता नवे नाव आले आहे. रस्त्यावरच्या युवकांना म्हणे उद्योजक बनवायचे! त्यासाठी सभागृहे भरतात, फायली वाटल्या जातात, चहा-बिस्किटे होतात आणि टाय लावलेले तज्ज्ञ धंदा कसा करावा हे सांगतात. कोणाला सांगतात? जो पोरगा ढग पाहून आज किती द्रोण खपतील ते ओळखतो, त्याला!

आम्ही रामकुंडावर अशाच एका पोराशी बोललो. सकाळी पाचशे रुपये उसने घ्यायचे, माल भरायचा, संध्याकाळी साडेपाचशे परत करायचे. रोजचे पन्नास व्याज. महिन्याला दीड हजार, म्हणजे मुद्दलाच्या तिप्पट! एवढे व्याज भरून जो धंदा टिकवतो, त्याला उद्योजकता शिकवायला निघालेल्यांनी आधी त्याच्याकडून हिशेब शिकावा. त्याची अडचण अक्कल नाही. त्याला बसायला हक्काची जागा नाही, रास्त दराचे भांडवल नाही आणि तो कोण आहे हे सांगणारा कागद नाही.

जागेचा कायदा आहे. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. सर्वेक्षणात नोंद झालेल्या, चौदा वर्षे पूर्ण केलेल्या विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र द्यायचे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणाला हटवायचे नाही. पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व हवे. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा. पण फुलाची टोपली गाडीत फेकली गेल्यावर हे कलम त्या पोराला वाचून कोण दाखवणार? आणि सायंकाळी परत मिळालेली फुले घेणार कोण?

भांडवलाचीही योजना आहे. स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली. तारण नाही, पहिले कर्ज दहा हजारांचे. २०२५ मध्ये ते पंधरा हजारांचे झाले. पण बँकेच्या दारात जाण्याआधी विक्री प्रमाणपत्र किंवा पालिकेचे शिफारसपत्र लागते. म्हणजे पुन्हा कागद! २०१६ साली 'स्टँड अप इंडिया' आली, ती खास अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी होती. तिचे किमान कर्ज होते दहा लाख रुपये! पाचशे रुपयांसाठी सावकाराकडे जाणाऱ्याने त्या पायरीवर पाय तरी कसा ठेवायचा?

मग उरते आपले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ. १९७८ साली ते आपल्याच माणसांसाठी निघाले. तेथे पहिली मागणी जातीच्या दाखल्याची. तो काढायचा तर कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. भटक्या-विमुक्तांसाठी तारीख २१ नोव्हेंबर १९६१. ज्याला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही, त्याने आजोबाचा पत्ता कोठून आणायचा? शिवाय जामीनदार हवा. फलाटावर झोपणाऱ्याला जामीन कोण राहील, दुसरा फलाटावर झोपणारा? गंमत अशी की, गावात जात सांगावी लागत नाही, ती सर्वांना ठाऊक असते. हक्क मागायला गेले की मात्र तीच जात सिद्ध करा म्हणतात! लोकशाहीर अण्णाभाऊ साठे महामंडळातील घोटाळा २०१५ साली गाजला, त्यात कोट्यवधी रुपये गेले. तेव्हा खाणाऱ्यांकडे कोणी १९५० चा पुरावा मागितला होता काय?

बाजाराला जात नसते, असे सांगणाऱ्यांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचावे. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके गेली आणि व्यवसाय बंद पडला. तेथे ज्ञान कमी पडले काय? म्हणूनच एकट्या पोराच्या हाती कर्ज देऊन त्याला बाजारात ढकलणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. मागे संघटना हवी.

याचे उदाहरण पुण्यात आहे. १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाया, त्यांतल्या बहुतेक दलित. त्यांनी आधी ओळखपत्र मिळवले आणि २००८ साली 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला. दिल्लीत 'बटरफ्लाइज' संस्थेच्या मदतीने रस्त्यावरच्या मुलांनी स्वतःची बचत बँक चालवली. खातेदार मुले, व्यवस्थापकही मुलांतलाच. नाशिकमध्ये भंगार वेचणारी पोरे थोडी नाहीत, पण घंटागाडीचा ठेका निघतो तो ठेकेदारासाठी. त्यांची सहकारी संस्था काढून दोन-चार प्रभाग त्यांच्याकडे का देत नाहीत?

एक सावधगिरी मात्र हवी. चौदाच्या आतल्या मुलाची जागा शाळेत आहे, टोपलीमागे नाही. त्याला 'बाल उद्योजक' म्हणून मिरवणाऱ्यांना आमचा ठाम विरोध आहे. आणि मोठ्या पोरांनाही झाडू व पोते यांच्यापुरतेच बांधून ठेवू नका. मोबाइल दुरुस्ती, वायरिंग, वाहन चालवणे हेही त्याला शिकू द्या. पिढीजात घाण त्याच्याच माथी मारून तिला उद्योग म्हणायचे, ही जुनीच चाल आहे.

२०२६-२७ चा सिंहस्थ नाशिकचा आहे. त्यासाठी घाट आणि रस्ते रुंद करायचे, तर त्या रुंदीत टोपली कोठे बसणार हे कागदावर आले पाहिजे. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, त्या नाशिकमधील आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही विचारतो: जयंतीच्या मंडपाला वर्गणी जमते, मग या पोरांच्या दाखल्यांसाठी एक टेबल का लागत नाही? रामकुंड, सीबीएस, नाशिकरोड स्टेशन येथे रविवारी दोन तास बसा. आधारचा फॉर्म भरा, बँकेत खाते उघडून द्या, पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात नाव घाला. पुरावा नसेल तेथे गृहचौकशी करून जातीचा दाखला द्या, असा लेखी अर्ज प्रांत कार्यालयात द्या आणि त्याची पोच घ्या.