शाळेचा खाडा कुणामुळे?

शाळा बुडवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो दप्तर लपवून विहिरीवर पोहायला जाणारा मुलगा. त्यानं ‘दांडी मारली’ म्हणून आपण रागावतो, कधी कौतुकानं हसतोही. पण मुलगी शाळा बुडवून कुठं जाते? ती घरातच असते. कडेवर धाकटा भाऊ, नाहीतर चुलीवर भात. तिच्या गैरहजेरीला आपण दांडी म्हणत नाही, ‘आज जरा काम होतं’ म्हणतो.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालं की वाटेत चितेगाव लागतं. रस्त्यालगत कारखाने, भोवती शेतं. अशा गावात आईच्या कामाची आणि शाळेची वेळ जुळणं कठीणच. आई शिफ्टला नाहीतर वेचणीला गेली की घर कोण सांभाळणार? थोरली पोरगी! कापूस फुटला की एकेक दिवस करत पंधरा दिवस कसे जातात, कळत नाही. मागचं गणित राहिलं म्हणून पुढचं समजत नाही, समजत नाही म्हणून शाळा नकोशी होते. मग ‘तिचं अभ्यासात लक्षच नाही’ म्हणून स्थळं बघायला आपण मोकळे!

आईला दोष द्यायचा नाही मला. तिची रोजी बुडली तर चूल थंड राहते. पण मोल मात्र पोरगी मोजते, हेही खरंच ना?

या दुखण्यावर औषधं पुष्कळ झाली. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं उलटी वाट धरली. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीबद्दल रोज एक रुपया भत्ता सुरू केला. शाहू महाराजांच्या काळचा रुपया खणखणीत होता. हा भत्त्याचा रुपया मात्र वर्षानुवर्षं रुपयाच राहिला आणि वेचणीची मजुरी वाढत गेली. त्यानं घरची अडचण सुटणार कशी?

शिवाय सरकारी व्याख्येत मूल सलग महिनाभर आलं नाही, तर ‘शाळाबाह्य’ ठरतं. आठवड्यातून दोन दिवस घरी राहणारी मुलगी त्या यादीत येतच नाही. तिची दखल घ्यायची ती गावानंच.

आणि तो अधिकार आपल्याला आहे, मैत्रिणींनो! १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. मुलांच्या हजेरीबद्दल पालकांना वेळोवेळी सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्यही त्यात आहे. मग समितीतल्या बायकांनी नुसती सही करून, चहा पिऊन का यायचं? दर महिन्याला मुलींची हजेरी वेगळी मागा. कोण सारखी घरी राहते, का राहते, विचारा. धाकट्यासाठी असेल तर अंगणवाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळवून घ्या, ग्रामपंचायतीकडे पाळणाघर मागा. शाळेच्या शौचालयात पाणी नसेल तर आधी ते आणा. ‘त्या’ चार दिवसांत मोठ्या मुली घरी का राहतात, हे पुरुष सदस्यांना सुचणार नाही, आपल्याला माहीत आहे.

घरातही एक नियम करून बघा. कुणाला तरी थांबावंच लागलं तर पाळी लावा. एक दिवस ताई, एक दिवस दादा, एक दिवस खुद्द बाबा. बघा, त्या ‘जरा कामा’वर किती लवकर दुसरा उपाय निघतो ते!